फळीला फळी जोडताना : सरसाचा इतिहास



आपण बायका घरात किती बारकाईने वाचतो! बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका, औषधाच्या कॅप्सूलचं कवच, नातवाच्या जेलीच्या पाकिटावरचं 'जिलेटिन'. चष्मा लावून, उजेडात धरून वाचतो. पण ज्या चौरंगावर पूजेचं ताट ठेवतो, पडगाहन करून महाराजांना ज्या पाटावर बसवतो, ज्या चौकीवर शास्त्र उघडतो, त्याच्या फळ्या एकमेकींना कशाने चिकटल्या आहेत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आज नाही विचारलं तरी फारसं बिघडत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर उत्तर ऐकून आपल्या आज्या-पणज्यांनी कानावर हात ठेवले असते. ते उत्तर होतं 'सरस', म्हणजे जनावराचं कातडं आणि हाडं उकळून काढलेला चिकट रस. आपल्या घरातून हा सरस कसा गेला, कोणी घालवला आणि त्याचं पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचं, याचा हा लेख. मी कॉमर्सची, त्यामुळे खातं मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

फळ्या जोडाव्या का लागतात?

आधी सुताराचं काम थोडं समजून घेऊ. दीड हात रुंदीचा चौरंग एका फळीत करायचा तर तेवढ्या जाड बुंध्याचं झाड हवं. तसं लाकूड मिळालं तरी रुंद फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेवटी वाकते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. त्याची सगळी हालचाल रुंदीत होते. म्हणून सुतार अरुंद फळ्या घेतो आणि कडेला कड लावून जोडतो. जोडताना फळीच्या टोकाला दिसणाऱ्या वर्तुळांच्या रेघा बघतो. एका फळीची कमान वर आली, तर शेजारच्या फळीची खाली ठेवतो, म्हणजे सगळा चौरंग एकाच बाजूला वाकत नाही.

मग रंधा मारून कडा इतक्या सरळ करतो की दोन फळ्या एकमेकींवर उभ्या धरून उजेडाकडे पाहिलं तरी मधून उजेड दिसू नये. सागवान तेलकट असतं, म्हणून रंधा मारल्यावर ताज्या कडेलाच चिकट लावायचं, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. आधी कोरड्याच फळ्या जुळवून बघायच्या. मग चिकट लावून शिकंज्यात आवळायच्या. आमचे मिस्त्री त्याला आता 'क्लॅम्प' म्हणतात. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून पालटून लावतात. सगळे एकाच बाजूने लावले, तर आवळताना फळ्यांची कमान होते. सांध्यातून चिकटाचे बारीक, एकसारखे मणी बाहेर आले की काम जमलं समजायचं. कुठे थेंबच आला नाही, तर तिथे चिकट कमी पडलं. खूप ओघळलं, तर जास्त झालं.

आवळायचं किती? सागवानासारख्या घट्ट लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १५ किलो दाब लागतो. समजा चौरंग ४५ सेंटिमीटर लांब आहे आणि फळी अडीच सेंटिमीटर जाड. सांध्याचं क्षेत्रफळ झालं साडेबाराशेच्या दहावा हिस्सा नव्हे, अगदी नेमकं ११२.५ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो धरले तर १,३५० किलो! लहान मोटारीचं वजनही याहून कमी भरेल. तीन क्लॅम्प लावले तर प्रत्येकाने साडेचारशे किलोचा दाब द्यायचा. एवढा दाब कशासाठी? चिकटाचा थर जितका पातळ, तितका सांधा पक्का. जाड थर ठिसूळ राहतो आणि तिथेच तुटतो. क्लॅम्प दोन लाकडांना इतकं जवळ आणतो की मध्ये केसाहून पातळ पापुद्रा उरतो.

लोखंडी क्लॅम्प नव्हते, तेव्हा दोर गुंडाळून मध्ये काठी घालून पीळ देत. नाहीतर दोन पक्क्या खुंट्यांमध्ये फळ्या ठेवून बाजूने पाचरी ठोकत. साधन बदललं, पण दाब आणि धीर या दोन गोष्टी हजारो वर्षं तशाच राहिल्या. बदलत गेलं ते चिकट.

इजिप्तची भिंत

सरस किती जुना आहे? इजिप्तमध्ये थीब्सला, म्हणजे आजच्या लक्सरजवळ, रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे. इसवी सनापूर्वी १४५० च्या सुमाराची. तिच्या भिंतींवर कारागिरांची चित्रं आहेत, त्यात सुतारही आहेत. साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवण्याचं काम चाललं आहे आणि बाजूला विस्तवावर सरसाचं भांडं आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं हे चित्र पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या सुताराला दाखवलं असतं, तर त्याने ते भांडं लगेच ओळखलं असतं.

पण त्याच इजिप्तमध्ये याहून हजारभर वर्षं जुनी एक शवपेटी सक्काराच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये मिळाली. ती लाकडाच्या सहा पातळ थरांची आहे, म्हणजे आजच्या प्लायवुडची पणजीच. ते थर सरसाने जोडलेले नाहीत, बारीक लाकडी खुंट्यांनी जोडलेले आहेत. म्हणजे कातड्याशिवाय काम होतच नव्हतं असं नाही. कातड्याने ते सोपं होत होतं, एवढंच.

आपल्याकडेही मोठं लाकूडकाम कुसू आणि खाचेवरच उभं राहिलं. गुजरातमधल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातला कोरीव लाकडी घुमट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. असल्या घुमटाचा भार चिकटावर टाकता येत नाही; तो लाकूड लाकडात अडकवूनच पेलावा लागतो. पाट, चौरंग, पेटी, दाराची तावदानं यांच्या फळ्या मात्र नुसत्या कडेला कड टेकून असतात. चिकटाची गरज तिथे लागते.

वराहमिहिराच्या दोन पाककृती

आपल्या देशातल्या जुन्या ग्रंथांत चिकटाला सुंदर नाव आहे, वज्रलेप. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा लेप सुताराच्या सांध्यापेक्षा मंदिरं, वाडे, मूर्ती, भिंती आणि विहिरी यांच्यासाठी सांगितला आहे. त्यातली पहिली कृती वाचताना मला तर स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटलं. कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं, सालईचं बी, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळायचं. पाणी आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. मग त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेलफळ घालायचं. सगळं झाडाचं! आपण काढा करतो तसाच प्रकार.

त्याच प्रकरणात दुसरीही एक कृती आहे. तिच्यात गाय, म्हैस आणि बोकड यांची शिंगं, गाढवाचे केस आणि म्हशीचं कातडं आहे, जोडीला कडुनिंब आणि कवठाचा रस. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी एकाच पानावर दोन्ही वाटा लिहून ठेवल्या होत्या, झाडाची आणि जनावराची.

पुढच्या काळात दुसरी वाट रुंदावत गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ बाराव्या शतकातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या शेजारचं. त्यात चित्रकारासाठी वज्रलेप सांगितला आहे. म्हशीचं कातडं पाण्यात लोण्यासारखं मऊ होईपर्यंत शिजवायचं, आटवायचं, कांड्या करून वाळवायच्या आणि लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवून वापरायच्या. हाच सरस. बाजारात मिळणाऱ्या सरसाच्या तपकिरी कांड्या आणि वड्या या आठशे-नऊशे वर्षं जुन्या कृतीच्या वारसदार.

झाडाची वाट पुसली गेली नाही, पण ती हलक्या कामापुरती उरली. सावंतवाडीच्या गंजिफांचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. त्या गोल रंगीत पत्त्यांचं कापड चिंचोक्याची खळ लावून कडक करत. चिंचोक्याची खळ कापडाला, कागदाला छान. पण सागवानाच्या दोन फळ्या दीडशे उन्हाळे-पावसाळे धरून ठेवायच्या तर ती पुरी पडत नाही.

आमच्या आजीची हद्द

सांगलीकडच्या आमच्या माहेरच्या वाड्यात सुतार काम करायचा, तेव्हा सरसाचा डबा उंबऱ्याच्या आत आणायची त्याला परवानगी नव्हती. आजीचा तसा दंडकच होता. बाहेर कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल, त्यावर पाण्याचं भांडं आणि त्या पाण्यात सरसाचा डबा. सरस थेट विस्तवावर ठेवत नाहीत. साठ अंशांच्या वर गेला की त्याची ताकद जाते. आदल्या रात्री वड्या गार पाण्यात भिजवायच्या आणि सकाळी मंद आंचेवर विरघळवायच्या. ओला सरस दोन दिवस राहिला की कुजतो, त्यात जीव पडतात. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. लावल्यावर काही मिनिटांतच तो गार होऊन गोठतो, म्हणून एकाने लावायचं आणि दुसऱ्याने लगेच आवळायचं अशी धावपळ. लहान फळ्यांना तर क्लॅम्पही लावत नसत. कडेवर कड ठेवून मागेपुढे घासायची. मधली हवा निघून गेली की गोठणारा सरसच फळ्यांना ओढून धरतो.

आजीने डबा बाहेर ठेवला, पण त्याच डब्यातल्या सरसाने जोडलेले पाट आणि देवघराचं दार मात्र आत आले. आता मला त्यात दांभिकपणा दिसत नाही. त्या काळात तिच्या हातात जेवढं होतं, तेवढं तिने केलं. दुसरा पर्याय बाजारातच नव्हता.

शास्त्र काय म्हणतं?

आपल्याकडे हा विचार झाला नव्हता असं नाही. श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रसंगात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यांना कर्मादानं म्हणतात. त्यात वनकर्म म्हणजे जंगलतोडीचा धंदा आहे, लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार आहे आणि दंतवाणिज्यही आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दंतवाणिज्याचा अर्थ खुलासेवार सांगितला. त्यात नुसते हत्तीचे दात नाहीत, तर केस, नखं, हाडं, कातडंही येतं. आणि या वस्तू व्यापारासाठी त्या जिथे निघतात त्या ठिकाणीच जाऊन घेण्याला दोष दिला आहे.

माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी इथे थबकली. मूळ ठिकाणी जाऊन मागणी केली की मागणीमुळे हत्या होते, हा मागणी-पुरवठ्याचा नियम आठशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी बरोबर पकडला होता.

आपल्या दिगंबर परंपरेत तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात या पंधरांच्या यादीचा उल्लेख केला आहे, पण ती त्यांना पुरेशी वाटत नाही. त्यांचं म्हणणं असं की लोकांत सावद्य कामं मोजता येण्याच्या पलीकडची आहेत. यादी करायचीच तर ती फार मंदबुद्धीच्या माणसांसाठी करावी. मला हे फार पटतं. यादीत सरस नाही, म्हणून तो चालतो असं म्हणायला आशाधर जागाच ठेवत नाहीत.

मग सरस कुठल्या खात्यावर? कृत, कारित, अनुमोदना या तीन कसोट्यांवर बघू. आपण जनावर मारलं नाही. सरसासाठी कोणी जनावर मारतही नव्हतं. मांस आणि चामड्याच्या धंद्यातला उरलेला माल सरसवाले घेत. हिशेबाच्या भाषेत हे उपउत्पादन झालं. पण उपउत्पादनाला भाव मिळाला की मुख्य धंद्याचा नफा वाढतो, हे कोणताही वाणी सांगेल. म्हणून मुख्य धंद्यात त्याचा वाटा शून्य नव्हता, छोटा होता.

सरस आणि जिलेटिन ही सख्खी भावंडं

युरोपात सरसाचा मोठा कारखाना १६९० च्या सुमारास हॉलंडमध्ये निघाला असं मानतात. अमेरिकेत पीटर कूपर या कारखानदाराने १८२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सरसाच्या कारखान्यावर संपत्ती उभी केली. याच कूपरने १८४५ मध्ये जिलेटिनच्या खाण्याच्या गोड पदार्थाचं पेटंट घेतलं. आपण जेलीच्या पाकिटावर जो शब्द शोधतो, त्याची एक मुळी सुताराच्या डब्यापर्यंत जाते. कातड्या-हाडांतलं कोलॅजन पाण्यात तापवलं की जिलेटिन होतं. खूप शुद्ध केलं की ते ताटात येतं, कमी शुद्ध राहिलं की फळीला लागतं. वस्तू एकच.

युरोपातच दुसरी एक वाट होती, दुधाची. बाराव्या शतकात थिओफिलस या साधूने कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला. वेदी आणि दारं यांच्या फळ्या कशा जोडायच्या, हे त्यात सांगितलं आहे. मऊ चीज बारीक कापायचं, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, पाणी स्वच्छ निघालं की पिळून कुटायचं आणि चुना मिसळायचा. या चिकटाने जोडलेल्या फळ्या वाळल्या की ओलीने किंवा उष्णतेने सुटत नाहीत, असं तो सांगतो. आपण दूध फाडून पनीर करतो, तेच चुन्यात कालवलेलं! दुधातल्या या पदार्थाला केसीन म्हणतात.

पहिल्या महायुद्धातल्या लाकडी विमानांत हे केसीनचं चिकट भरपूर वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं 'मॉस्किटो' हे लाकडी विमानही सुरुवातीला केसीननेच जोडत. नंतर रासायनिक चिकट आलं. १९४४ च्या अखेरीस आपल्या भागात ही विमानं मोडून अपघात झाले, तेव्हा चौकशीसाठी विलायतेहून माणसं आली. पावसाळी हवेत चिकट सुटलं, लाकूड आकसलं की मुळात जोडणीच सदोष होती, यावर तेव्हाच मतभेद झाले. पण आपल्या पावसाळ्यात लाकडाचा सांधा टिकवणं किती कठीण आहे, हे जगाला समजलं. आपल्या सुतारांना ते आधीपासून ठाऊक होतं. ओलीने सरसही सैल पडतो आणि उंदीर-झुरळांना तर तो खाऊच वाटतो.

१९५९

खरा बदल आणला तो एका पांढऱ्या द्रवाने. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा पदार्थ १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधला. त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, म्हणून तो दुधासारखा दिसतो. लाकडाला लावला की पाणी लाकडात मुरतं, उडून जातं आणि थेंब एकमेकांना चिकटून पारदर्शक पापुद्रा होतो. तो लाकडाच्या तंतूंना इतका घट्ट धरतो की चांगला सांधा तोडायला गेलं तर सांध्याशेजारचं लाकूड आधी फाटतं. या चिकटाच्या मूळ रसायनात कातडं नाही, हाड नाही, दूधही नाही.

आपल्याकडे हे चिकट घरोघर पोचवलं बळवंतराय पारेख यांनी. ते भावनगरजवळच्या महुव्याचे. मुंबईत कायदा शिकले, पण वकिली केली नाही. छापखान्यात काम केलं, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राहिले आणि काही काळ पत्नीसह त्या व्यापाऱ्याच्या गोदामातच संसार केला. लाकूड आणि सुतार त्यांनी तिथे जवळून पाहिले. १९५९ मध्ये त्यांच्या उद्योगाने फेव्हिकॉल बाजारात आणलं. सुताराला काय हवं होतं? भिजवणं नको, चूल नको, वास नको आणि गोठायच्या आत धावपळ नको. डबा उघडला की काम सुरू. ते दुकानांच्या फळ्यांवर नुसतं मांडून थांबले नाहीत, थेट सुतारांकडे गेले. पुढे त्यांच्यासाठी फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तकंही काढली. दोन हत्ती विरुद्ध दिशांना ओढताहेत आणि गोळा सुटत नाही, हे चित्र पाहिलं नाही असं घर सापडणार नाही.

फेव्हिकॉलला क्लॅम्प मात्र सरसापेक्षा जास्त वेळ लागतो. निदान अर्धा-पाऊण तास आवळून ठेवायचं आणि पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्यायचे. सरसाने सुताराला घाई शिकवली होती, पांढऱ्या चिकटाने थांबायला शिकवलं.

खातं मांडू या

आता पुण्याचं खातं. हजारो वर्षं आपल्या पाटा-चौरंगात जे होतं, ते एका पिढीच्या आत बऱ्याच अंशी निघून गेलं. ते कोणाच्या नियमाने गेलं नाही. मंदिरात कोणी त्यासाठी नियम घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. सुताराची सोय झाली, काम स्वस्त आणि जलद झालं, म्हणून गेलं. आपल्या जमेच्या बाजूला फुकट आलेली ही रक्कम आहे.

फुकट आलेल्या रकमेचं आपण करतो काय, ते महत्त्वाचं. आपल्या घरात सरस नाही म्हणून मिरवायचं काही कारण नाही, कारण तो घालवण्यात आपला हात नाही. पण यातून एक धडा नक्की घेता येतो. चांगला पर्याय बाजारात आला की अहिंसा पाळणं सोपं होतं आणि पर्याय आणायला कोणीतरी डोकं लावावं लागतं. आपल्या समाजात रसायनशास्त्र शिकलेल्या मुली आता पुष्कळ आहेत. पुढच्या पिढीने व्रतांबरोबर प्रयोगशाळेतही अहिंसा शोधावी, असं मला मनापासून वाटतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत सोयाबीनच्या पिठापासून प्लायवुडचं चिकट बनवून कारखाने चालवले गेले होते. म्हणजे वराहमिहिराची झाडाची वाट अजून बंद झालेली नाही.

खर्चाची बाजूही लिहायला हवी. सरसाचा एक गुण होता. गरम पाण्याने आणि उष्णतेने तो सुटायचा, त्यामुळे मोडलेली खुर्ची उकलून दुरुस्त करता यायची. जुनी वाद्यं आणि जुनं फर्निचर दुरुस्त करणारे याच कारणाने आजही सरस वापरतात. नवा सांधा सहज उकलत नाही, म्हणून आपण वस्तू लवकर टाकतो आणि नवीन लाकूड तोडलं जातं. वनकर्म त्या वाटेने परत येतं.

दुसरा खर्च मोठा आहे. आपल्या घरांतलं बरंचसं लाकूडकाम आता प्लायवुडचं असतं आणि साध्या प्लायचे थर बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवलेले असतात. हा फॉर्मल्डिहाइड वायू २००४ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माणसासाठी कर्करोगकारक ठरवला. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, ते यामुळे. आपण कपाट उघडून बाजूला होतो. कारखान्यात आणि बंद खोलीत दिवसभर ते प्लाय हाताळणारा माणूस बाजूला होऊ शकत नाही. तोही पंचेंद्रिय जीवच आहे.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरात सुतारकाम काढाल तेव्हा चार गोष्टी करा.

पाट, चौरंग, शास्त्राची चौकी यांसाठी सलग लाकडाच्या अरुंद फळ्या जोडून घ्या. छोट्या फळ्यांतून उरलेलं लाकूडही कामी येतं. खालच्या आडव्या पट्ट्या मात्र पूर्ण लांबीला चिकटवू देऊ नका. स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात लाकडाला हलायला जागा राहील आणि फळी फुटणार नाही.

मिस्त्रींना विचारा, 'भाऊ, चिकट कोणतं वापरताय?' जुन्या वस्तूची दुरुस्ती किंवा पॉलिशचं काम असेल तर नक्की विचारा. पॉलिशमधला चपडा म्हणजे लाखच असते, लाक्षावाणिज्य आठवा.

प्लाय घ्यायचं असेल तर वायू कमी सोडणाऱ्या ई-१ किंवा ई-० प्रतीचं मागा. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा आणि मिस्त्रींना बंद खोलीत कापायला लावू नका.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात सोपी. क्लॅम्प लावलेल्या फळ्या त्यांना हव्या तेवढा वेळ तशाच राहू द्या. 'आज संध्याकाळी पूजा आहे, लगेच द्या' म्हणून घाई करू नका. सांधा कच्चा राहिला तर सहा महिन्यांत नवा चौरंग करावा लागतो. म्हणजे लाकूड, मजुरी, हिंसा सगळं दुप्पट. यत्नाचार म्हणजे नुसतं पाणी गाळून पिणं नाही. लागेल तेवढा वेळ देणं हाही यत्नाचारच.

तुमच्याकडे जुन्या सुतारांच्या, झाडाच्या डिंकाच्या किंवा घरगुती खळीच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. आपल्या सासरी-माहेरी ज्या चिकटाने फळ्या जुळल्या, त्याची नोंद आपणच ठेवली पाहिजे.

जय जिनेंद्र!